न्यायाचं कोंबडं झाकावं कसं?

चर्चच्या व्यासपीठावर उपदेश करायला पहिल्यांदाच उभे राहणार आहात, तर एक गोष्ट आधीच कानावर घालतो. तुमच्या हातातल्या बायबलात एक अडचणीचा विषय आहे. तो कुठल्या एका प्रकरणात गुपचूप बसला असता तर ते प्रकरण टाळून सुटलो असतो. पण उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत तो कुठूनही डोकावतो. देव न्याय करणार आहे. सगळ्यांचा. ऐकणाऱ्यांचा तर खराच, पण बोलणाऱ्याचाही. याकोबाने आपल्या पत्रात शिकवणाऱ्यांना बाजूला घेऊन बजावलंय, की तुमचा हिशेब जास्त कडक होईल.

आता हा विषय रविवारी सकाळी, ठेवणीतले कपडे घालून आलेल्या माणसांसमोर काढायचा म्हणजे काय!

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, अशी एक म्हण आहे. म्हण करणाऱ्याने टोपली नीट दाबून धरली नसावी. मी गेली तीसेक वर्षं बाकावर बसून उपदेश ऐकतोय आणि या कामात हात बसलेले लोक मी जवळून पाहिलेत. टोपली जड असली आणि वर बसणारा वजनदार असला, की रात्र पुष्कळ लांबवता येते. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुम्हाला देतो.

पहिला धोका उपदेशाच्या आधीच येतो. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली, म्हणताना सगळी मंडळी उभी राहून, मोठ्या आवाजात म्हणते, की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त येणार आहे. घाबरू नका. जे पाठ असतं ते कोणी ऐकत नाही. फक्त त्या ओळीवर श्वास घ्यायला थांबू नका. थांबलात तर एखादं पोर ‘कधी?’ म्हणून विचारायचं, आणि त्याला गप्प करता करता आईबाप विचारात पडायचे.

मग भाषा. ‘पाप’ म्हणू नका, ‘आपल्या मर्यादा’ म्हणा. मर्यादांबद्दल पश्चात्ताप करावा लागत नाही, उलट चार लोकांची सहानुभूती मिळते. ‘पश्चात्ताप’ला ‘नवी सुरुवात’ म्हणा. नव्या सुरुवातीसाठी जुनं काही परत करावं लागत नाही. ‘क्रोध’ तर नकोच नको. देव रागावत नाही, देव समजून घेतो. लाच खाणाऱ्याला समजून घेतो, बायकोला मारणाऱ्याला समजून घेतो, मजुरांचे पैसे बुडवणाऱ्याला समजून घेतो. मार खाणारीबद्दल आणि पैसे बुडालेल्यांबद्दल देवाचं काय म्हणणं आहे, असा प्रश्न निघेलसं वाटलं तर लगेच गीत सुरू करा.

शब्द बदलूनही भागत नाही तेव्हा चाकू लागतो. या विद्येचा आद्य आचार्य म्हणजे यहूदाचा राजा यहोयाकीम. यिर्मया संदेष्ट्याने देवाचा न्याय सांगितला, त्याचा लेखनिक बारूख याने तो गुंडाळीवर उतरवला आणि ती गुंडाळी राजापुढे वाचली जाऊ लागली. नववा महिना, थंडीचे दिवस. राजा हिवाळी महालात शेगडीपाशी शेकत बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले, की राजा तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. अख्खी गुंडाळी संपेपर्यंत हेच. आरडाओरडा नाही, वादविवाद नाही, शिवाय ऊब मिळाली ती वेगळीच. यिर्मयाने पुढे तीच गुंडाळी पुन्हा लिहवून घेतली आणि वर तसल्याच आणखी पुष्कळ गोष्टी घातल्या, हे खरं. पण तो भाग वाचून दाखवायला आपण कुठे बांधील आहोत?

तुम्हाला चाकूसुद्धा लागणार नाही. शास्त्रवाचन कुठे थांबवायचं एवढं कळलं तरी पुरे. उदाहरणार्थ ९६वं स्तोत्र घ्या. आकाश हर्ष करतंय, समुद्र गर्जतोय, शेतं उल्हासलीत, रानातली झाडं आनंदाने गातायत. बाराव्या वचनापर्यंत या आणि पुस्तक मिटा. तेराव्यात झाडं एवढी का गातायत त्याचं कारण दिलंय: तो पृथ्वीचा न्याय करायला येतोय. म्हणजे जी बातमी ऐकून झाडांना गाणं सुचतं, तीच ऐकून आपल्या सभासदांची तोंडं उतरतात. असं का होत असावं, याचा विचार रात्री तर अजिबात करू नका.

आणि हे काही तुम्हीच पहिल्यांदा करताय असं नाही. रोमन कॅथोलिक चर्चने १९७१ साली नित्य प्रार्थनांचं नवं पुस्तक काढलं तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं त्यातून पूर्ण वगळली, आणखी काही स्तोत्रांतली शापाची वचनंही गाळली. ‘क्रोधाचा दिवस’ म्हणून सुरू होणारं जुनं लॅटिन गीत मृतांसाठीच्या उपासनेतून, म्हणजे मिस्सातून, त्याच सुमारास गेलं. त्यामागे विचार होता, आणि खरं सांगायचं तर शापवाणी प्रार्थना म्हणून तोंडी घेणं मलाही जड जातं. पण तुम्हाला विचाराशी काय करायचंय? तुम्हाला दाखला हवा होता, तो मिळाला.

त्याहून थोर पूर्वज हवा असेल तर मार्कियोन आहे. दुसऱ्या शतकातला हा जहाजमालक पोंतातून रोमला आला, तिथल्या मंडळीला दोन लाख नाण्यांची देणगी दिली आणि पुढे म्हणू लागला, की न्याय करणारा जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा. जुना करार त्याने अख्खाच काढला, लूकचं शुभवर्तमान तासून गुळगुळीत केलं, प्रेषित पौलाची दहा पत्रं ठेवली. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. देणगीही परत केली. (देणगी परत करणारी मंडळी! हा चमत्कार शुभवर्तमानात कसा नाही कोण जाणे.) त्याचंच म्हणणं मांडायला आज कोणाला बाहेर पडावं लागत नाही, पुढच्या संमेलनाचं निमंत्रण येतं.

फ्रान्समधल्या ओतां गावच्या कॅथीड्रलची गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा. तिथे दारावरच्या दगडात बाराव्या शतकात कोरलेला शेवटचा न्याय आहे. मधे ख्रिस्त, त्याच्या बाजूला आत्मे तोलणारा तराजू, आणि मापात पाप करायला तराजूला लटकलेला सैतानाचा माणूस. १७६६ साली तिथल्या धर्मगुरूंना हे सगळं कुरूप वाटू लागलं. त्यांनी त्यावर गिलावा मारला. ख्रिस्ताचं डोकं तेवढं गिलाव्याबाहेर येत होतं, म्हणून ते तोडून काढलं. झाली की नाही भिंत सपाट? पुढे राज्यक्रांतीत ठिकठिकाणच्या मूर्ती फुटल्या, ही मात्र गिलाव्याखाली सुखरूप राहिली. १८३७ मध्ये गिलावा काढला तर तराजू जिथल्या तिथे! म्हणून म्हणतो, एकदा गिलावा मारून निर्धास्त राहू नका. दर पिढीने नवा हात द्यावा लागतो.

सगळ्यात कठीण गाठ येशूची. ‘यिर्मया, आमोस ही जुन्या कराराची कडक माणसं, आपला येशू मात्र तसा नाही’ असं म्हणून निसटायला जाल. पण नरकासाठीचा गेहेन्ना हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो आणि त्यातल्या अकरा वेळा येशूच्याच तोंडी. बारावी वेळ याकोबाची, तीही जिभेबद्दल बोलताना, म्हणजे पुन्हा आपल्याच धंद्यावर. तेव्हा येशूने जवळ घेतलेली लेकरं आणि खांद्यावरचं मेंढरू, याच्या पुढे पानं उलटू नका.

काहींना मात्र न्याय सांगितल्यावाचून चैन पडत नाही. त्यांच्यासाठीही वाट आहे. न्याय जरूर सांगा, पण बाहेरच्यांचा. लेकी बोले सुने लागे, ही जुनी रीत उलटी करा: सुनेलाच बोला आणि लेकीला जराही लागू देऊ नका. समोर बसलेल्यांपैकी कोणीही जे पाप करत नाही, ते निवडा आणि त्यावर मुठी आपटा. लोक जोरात ‘आमेन’ म्हणतील. दुसऱ्याच्या शिक्षेला आमेन म्हणताना माणसाच्या आवाजात जी भक्ती येते, ती एरवी ऐकायला मिळत नाही.

किंवा न्यायाच्या दिवसाची तारीख द्या. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. तिथलेच रेडिओवरचे उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली आणि ती टळल्यावर २१ ऑक्टोबर. तारखेचा फायदा दुहेरी आहे. तोपर्यंत लोक आकाशाकडे बघतात, स्वतःकडे नाही. आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला, की न्यायाचा विषयच थट्टेवारी जातो, मग कितीतरी वर्षं तो काढायची कोणाची छाती होत नाही. आमचं काम फुकटात होतं.

मत्तयाच्या २५व्या अध्यायातली मेंढरं आणि शेरडं मात्र बांधूनच ठेवा. तिथला राजा सिंहासनावर बसतो आणि एकही धर्मशास्त्रीय प्रश्न विचारत नाही. भुकेल्याला खायला दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. शेरडांनी कोणाचं काही वाईट केल्याचं लिहिलेलंच नाही. त्यांनी काही केलंच नव्हतं. असा न्याय सांगितलात तर सुनेचं राहिलं बाजूला, सगळ्या लेकींनाच लागेल. येशूचा शिष्य पेत्र याने तर पत्ताही लिहून दिलाय: न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून.

८ जुलै १७४१ रोजी जोनाथन एडवर्ड्झ नावाचे पाळक अमेरिकेतल्या एन्फिल्डला न्यायावर बोलले. लोक इतके रडू-ओरडू लागले, की त्यांना मधेच थांबावं लागलं. बघा, उपासना वेळेत संपायची कशी?

आता मागच्या बाकावरच्या बाईकडे येऊ. लूकच्या १८व्या अध्यायातली ती विधवा तुम्हाला आठवत असेल, न्यायाधीशाच्या दारात रोज येऊन उभी राहणारी: माझा न्याय करा. तशी एखादी प्रत्येक मंडळीत असते. तिचं घर कोणीतरी लाटलेलं असतं आणि तो कोणीतरी पहिल्या रांगेत, कमिटीच्या लोकांशेजारी बसलेला असतो. तिला क्षमेवर उपदेश द्या. लागोपाठ तीन रविवार द्या. कटुता मनात ठेवू नये, याची सुरेख उदाहरणं द्या. तिला खरं तर एकच वाक्य ऐकायचं असतं: देवाने हे पाहिलंय आणि तो विचारणार आहे. अर्ध्या मिनिटाचं वाक्य. ते ती कित्येक वर्षं ऐकायला येते आणि घरी जाते. प्रकटीकरणात वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ‘कुठवर?’ म्हणून ओरडतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते देवावर सोडा. त्यांची वर्गणी आपल्याकडे येत नाही.

समजा, चुकून बोललातच. मग काय होतं ते फेलिक्सला विचारा. कैसरियाचा हा रोमन सुभेदार बायको द्रुसिल्लाला घेऊन बसला आणि बंदिवान पौलाला म्हणाला, बोल. पौलाची सुटका याच माणसाच्या हातात. प्रेमावर चार गोड शब्द बोलला असता तर दार उघडलं असतं. पण पौल बोलला नीतिमत्त्वावर, संयमावर आणि येणाऱ्या न्यायावर. खोलीत एक न्यायाधीश होता आणि एक आरोपी; बोलता बोलता दोघांनी जागा बदलल्या. फेलिक्स घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावीन. बोलावलंही वारंवार, पण काही पैसे सुटतील या आशेने. ती सवड दोन वर्षांत झाली नाही, आणि पौल तुरुंगातच राहिला. तुमच्या श्रोत्यांवर सवड शोधायची वेळच आणू नका. बिचारे कामातली माणसं आहेत.

योना संदेष्ट्याचं उदाहरण त्याहून वाईट. निनवेत त्याने केलेला उपदेश हिब्रूत मोजून पाच शब्दांचा: आणखी चाळीस दिवस, मग निनवे उलथून पडणार. विनोद नाही, दृष्टान्त नाही, शेवटी आशेचा एक शब्द नाही. आणि अख्खं शहर गोणपाट नेसून बसलं, राजा राखेत बसला, गुराढोरांनासुद्धा उपास घडला. मग देवाने शिक्षा मागे घेतली आणि योना रुसून गावाबाहेर जाऊन बसला. न्याय सांगायला जावं आणि दया पदरात पडावी, असला हा बेभरवशाचा व्यवहार! तुम्ही गोड गोड बोलत राहिलात तर असलं काही होण्याची भीती नाही.

टोपलीचं एवढं का सांगतो, तर एका रात्री ती वेळेवर कोणाला सापडली नाही. महायाजकाच्या अंगणात थंडी होती, कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र चाकरांमध्ये उभा राहून शेकत होता. तू त्याच्याबरोबरचा ना, असं कोणी विचारलं की म्हणत होता, मी त्याला ओळखत नाही. असं तीनदा झालं. विस्तव चांगला होता, उत्तरं पटत होती, कोणी मागे लागत नव्हतं. तेवढ्यात ते आरवलं. येशूने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो एवढा दांडगा गडी बाहेर जाऊन ढसाढसा रडला. अंगणात तुमच्यासारखा एक समजूतदार माणूस टोपली घेऊन उभा असता, तर यातलं काही घडलं नसतं. पेत्र सकाळपर्यंत शेकत राहिला असता.