‘एक पानही उरलं नाही’ हे धादांत खोटं आहे

‘नालंदाचं ग्रंथालय तीन महिने जळत होतं, नव्वद लाख ग्रंथ राख झाले, हस्तलिखित बौद्ध ग्रंथांचं एक पानही उरलं नाही; आज मिळतात ते परदेशात मागाहून रचलेले.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने तो वहीत उतरवून घेतलेला पाहिला, आता गप्प बसवत नाही.

शेवटचा दावा आधी घेते, सगळ्यात घातक तोच आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या महायान बौद्ध ग्रंथाची सचित्र ताडपत्री पोथी आहे. तिच्या पुष्पिकेत, म्हणजे शेवटच्या नोंदीत, स्थळ दिलंय नालंदा आणि काळ पाल घराण्यातल्या रामपाल राजाच्या राज्याचं १५वं वर्ष. म्हणजे अकराव्या शतकाची अखेर. भाषा संस्कृत. यात परदेशात रचलेलं काय आहे? याच ग्रंथाची, त्याच घराण्यातल्या महिपाल राजाच्या राज्याच्या सहाव्या वर्षी नालंदातच लिहिलेली पोथी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ग्रंथ वाचायचाच असेल तर आपल्या संस्कृत पंडित प. ल. वैद्यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९६० मध्ये दरभंग्याहून निघाली आहे. पुढे ढकलण्याआधी एवढं तरी शोधायचं!

गिलगिटजवळ १९३१ मध्ये स्तूपाच्या अवशेषांत भूर्जपत्रांवरच्या पोथ्या सापडल्या, त्या तर नालंदाच्या इ.स. १२००च्या सुमारास झालेल्या विध्वंसाहून कित्येक शतकं जुन्या. त्यांतला मोठा भाग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. असंख्य मूळ संस्कृत ग्रंथ खरोखरच गेले. कित्येकांचे फक्त तिबेटी किंवा चिनी अनुवाद हाती आहेत. पण अनुवाद म्हणजे बनावट नव्हे. शिवाय बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्त्तिक’ या तर्कशास्त्राच्या ग्रंथाचा मूळ संस्कृत पाठ संशोधक राहुल सांकृत्यायनांना तिबेटातल्या मठांत मिळाला, तो तिथल्या भिक्षूंनी शतकानुशतकं जपला म्हणूनच.

आता आग. हल्ला झाला, भिक्षू मारले गेले, हे तेराव्या शतकातला फारसी इतिहासकार मिन्हाज-ए-सिराजच लिहितो. पण त्याने वर्णिलेलं ठिकाण बहुतेक अभ्यासक नालंदा नव्हे, तर बिहारमधलाच दुसरा विहार उदंतपुरी मानतात आणि महिनोन्महिने जळणारं ग्रंथालय त्याच्या वर्णनात नाही. नव्वद लाखांनाही समकालीन आधार नाही. १२३५च्या सुमारास तिबेटी यात्रेकरू धर्मस्वामी नालंदाला पोचला, तेव्हा पडझड झालेल्या विहारात वृद्ध राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते.