टूजी बंद होणार म्हणून घाबरायचं कुणी?

'सरकारच्या आदेशाने टूजी बंद होत आहे. बटनांचे सगळे फोन भंगारात जाणार. स्मार्टफोनवाल्यांना काळजी नाही. बँकेचे ओटीपी थांबतील, त्याआधी सिम बदला.' या आशयाचे मेसेज फॅमिली ग्रुपांवर अधूनमधून उगवतात. (टूजी म्हणजे मोबाइलचं जुनं नेटवर्क; थ्रीजी, फोरजी ही त्यानंतरची.) गंमत अशी, की यात ज्यांना घाबरवलंय त्यांतल्या बऱ्याच जणांचं काही बिघडणार नाही, आणि ज्यांना निर्धास्त केलंय त्यांतल्याच काहींची पंचाईत होऊ शकते.

आधी आदेशाचं बघू. असा आदेश निघालेला नाही. लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर, टूजी चालवायचं की फोरजी, हे कंपनीच ठरवते. डिसेंबर २०२० मध्ये इंडिया मोबाइल काँग्रेस या दूरसंचार परिषदेत मुकेश अंबानींनी देश टूजीमुक्त करण्याची हाक दिली होती आणि २०२४ मध्ये जिओने ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, टूजी-थ्रीजी बंद करण्याचं धोरण मागितलं. मेसेजचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण जिओ २०१६ साली आली तीच फक्त फोरजी घेऊन. जे दुकान आपण थाटलंच नाही, ते बंद करा म्हणायला काय जातं? उलट एअरटेलने आधी थ्रीजी बंद केलं, जून २०१९ मध्ये कोलकात्यापासून सुरुवात करून मार्च २०२० पर्यंत देशभर, आणि टूजी चालू ठेवलं. नेट वापरणारे तोवर फोरजीवर सरकले होते. नुसतं बोलायला फोन ठेवणारा टूजीवरच होता आणि रिचार्जही करत होता.

बटनांचे फोन भंगारात? फोन कोणता आहे त्यावर आहे. नोकिया १०५ टूजीतही आला आणि फोरजीतही. हातात घेतला तर चटकन फरक कळत नाही. जुलै २०२३ मध्ये आलेला ९९९ रुपयांचा जिओभारतही बटनांचाच, आणि फोरजी. (त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, हे मात्र घेण्याआधीच विचारून घ्या.) बटनं आहेत म्हणून फोन टूजी, हा हिशेबच चुकीचा.

आता 'स्मार्टफोनवाल्यांना काळजी नाही' हे वाक्य. मेसेजमधलं सगळ्यांत घातक हेच. फोरजी मुळात डेटासाठी बांधलेलं. त्यावरून बोलायचं तर फोनमध्ये व्होल्टेची, म्हणजे फोरजीवरून कॉल करण्याची, सोय हवी, ती चालू हवी, आणि तुमच्या कंपनीने त्या मॉडेलला ती दिलेली हवी. यांतलं एक जरी नसलं, तरी कॉल लागताना फोन गुपचूप टूजी किंवा थ्रीजीवर उतरतो आणि बोलणं संपलं की परत वर चढतो. सुरुवातीच्या काळातले कितीतरी फोरजी फोन असेच आहेत. व्हॉट्सअॅप धावतंय म्हणून मालक खूश, पण साधा कॉल अजून जुन्या नेटवर्कच्या जिवावर. तपासायचं असेल तर वायफाय बंद करून कुणालातरी फोन लावा आणि बोलताबोलता वरच्या कोपऱ्यात बघा. फोरजी जाऊन तिथे ई, जी, थ्रीजी किंवा एच आलं, तर तुमचा कॉल फोरजीवर नाही.

ऑस्ट्रेलियात याचा फटका बसला. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या मोबाइल कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद करायला घेतलं, तेव्हा असे फोन निघाले जे एरवी फोरजीवर बोलायचे, पण आपत्कालीन ००० क्रमांक लावायला थ्रीजीवर जायचे. असे फोन नेटवर्कवरून बंदच करणं कंपन्यांना भाग पडलं. परदेशात घेतलेले काही फोनही त्यात सापडले. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद करताना चालणाऱ्या मॉडेलांची यादीच काढली होती. मुलांकडे जाताना इथला फोन घेऊन जाणाऱ्या आईबाबांनी तिकडच्या कंपनीची यादी आधी पाहिलेली बरी.

ओटीपीचं म्हणाल तर तो एसएमएस आहे, नंबरवर येतो आणि फोरजीवरूनही येतो. जुनं सिम असेल तर फोरजीसाठी बदलावं लागतं, पण कंपनीच्या दुकानात जाऊन. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणून ज्या दिवशी बँकेचं काम आहे त्या दिवशी ते करू नका. आणि 'तुमचं सिम फोरजी करून देतो, तुम्हाला आलेल्या एसएमएसमधला वीस आकडी नंबर पाठवा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. नंबरच पळवण्याची ती जुनी युक्ती आहे. मेसेजमधल्या घाईचा खरा फायदा अशाच लोकांना होतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि गावाकडे तीच सगळ्यांत आधी अडणार: विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर, म्हणजे मोटरला जोडलेला सिमचा डबा. शेतीला थ्री फेज वीज पाळीने येते, कधी रात्रीची. मग घरूनच त्या डब्यातल्या सिमवर कॉल करून मोटर चालू करायची. यांतले बरेच डबे टूजीवर चालतात, आणि डब्याला काही फोनसारखं सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टे चालू करता येत नाही. गाड्यांचे जुने ट्रॅकर, दुकानांतली जुनी स्वाइप मशीन यांचीही तीच गत. त्यामुळे यंदा नवा स्टार्टर घेणार असाल तर दुकानदाराला आत मोडेम (नेटवर्कला जोडणारा भाग) टूजीचं आहे की फोरजीचं ते विचारा, आणि तो 'कुठलंही सिम चालतं' म्हणाला तर त्याच्यासमोरच जिओचं सिम टाकून डब्यावर कॉल लावायला सांगा. टूजीचा डबा असेल तर तिथेच कळेल.