मात्सुनोओच्या विहिरीत साके नाही, पाणी आहे

क्योतोच्या मात्सुनोओ ताइशा या शिंतो देवस्थानाबद्दल एक मेसेज फिरतोय: तिथल्या विहिरीतून साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, वाहते आणि आवारात रचलेल्या पिंपांतली साके भाविकांना प्रसाद म्हणून फुकट मिळते. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

इ. स. 701 मध्ये हाता घराण्याने उभारलेलं हे देवस्थान साके बनवणाऱ्यांचं दैवत मानलं जातं, एवढं मात्र खरं. मेसेजमधली विहीर म्हणजे इथला ‘कामे-नो-इ’ हा झरा. दगडी कासवाच्या तोंडातून साधं, स्वच्छ पाणी पडतं. ते घातलं की साके नासत नाही, अशी श्रद्धा असल्याने कारागीर ते नेऊन आपल्या साकेत थोडं मिसळतात. तांदळाच्या या पेयात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे पाण्याला इतका मान का, हे सहज कळतं. मला तर हीच गोष्ट त्या मेसेजपेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

गवती दोरांनी बांधलेली, ठळक अक्षरांची ती पिंपं उत्पादकांनी देवाला वाहिलेली असतात. मांडलेली पिंपं सहसा रिकामी असतात. कृपा करून ती ठोकून, हलवून पाहू नका. झऱ्याचं पाणी मात्र खुशाल प्या, बाटलीत भरूनही नेता येतं. आवारातलं साकेचं छोटं संग्रहालयही बघा. हानक्यू रेल्वेच्या मात्सुओ-ताइशा स्थानकावरून चालत जाता येतं.