लेकरायच्या गणपतीची पट्टी जमवायचा हमखास फॉर्म्युला

गल्लीतली लेकरं गणपती बसवायचा म्हणून मागं लागलेत ना, मग बसवू द्या की, पण पट्टी जमवायचं काम त्यांच्या अकलेवर सोडू नका, दहा रुपये मिळाले तरी खुश होऊन 'थँक्यू मामा' म्हणत निघून येतात, असा कुठं फंड जमत असतो का.

पहिले टोळी नीट लावा. सगळ्यात बारकं, नाक गळणारं लेकरू पुढं, पावतीबुक घेऊन एखादी हुशार पोरगी, आणि रस्त्यात दोरी आडवी धरायला दोन दांडगे. दोरी पाहिजेच. मोटरसायकलवाला सुट्टे नाहीत म्हणला की बारक्यानं लगेच स्कॅनर दाखवायचा. स्कॅनर अर्थात तुमच्या नावाचा, लेकरायचं कुठं बँकेत खातं असतंय (असलं तरी स्कॉलरशिपचं असतंय, तिकडं ध्यान देऊ नका).

भादव्यात शेतकऱ्याच्या दारात जाऊन उपयोग नाही बरं का, सोयाबीन अजून रानात उभं असतंय, मोंढ्यात यायला दसरा उजाडतो, त्याच्या खिशात सापडली तर उधारीची चिठ्ठी सापडेल. ती चिठ्ठी ज्यानं फाडली त्या खत-बियाणाच्या दुकानात जा. मग आडत्या, मग गुत्तेदार. आणि 'भावी'ला विसरू नका, झेडपीचं इलेक्शन जवळ असो का लांब, गल्लीला एक भावी सदस्य असतोच, तो ५००१ देतो, फक्त बॅनर मूर्तीपेक्षा मोठा लागतो. लेकरायनी पसंत केलेली मूर्ती दीड फुटाची, म्हणजे अडचण यायची नाही.

कोणी रिटायर सर म्हणतील, अशी वर्गणी काढायला १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यांना अध्यक्ष करून टाका. अध्यक्षाला कोण विचारतंय.

पैसे जमले की मीटिंग. लेकरं म्हणणार लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, बक्षिसाला कंपासपेटी. सगळं ऐकून घ्या, टाळ्या वाजवा, आणि तिथूनच डीजेवाल्याला ॲडव्हान्स पाठवून द्या. हिशोब मागणारं एखादं कार्टं निघतंच, त्याला चारचौघात विचारा, चाचणीत गणितात किती पडले रे तुला?

उरलेल्या पावत्या फेकू नका. 'गणेशोत्सव'वर काट मारून 'नवरात्र' लिहिलं की झालं, तुळजापूरहून ज्योत आणायच्या गाडीचं डिझेल ह्याच पोरायनी जमवायचंय. सहामाही परीक्षा जवळ आलेली असती तेव्हा, पण ती काय दरवर्षीच असती.