साखर सोडली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही

‘साखर पूर्ण बंद करा, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील’ हा मेसेज सध्या फिरतोय. तो खरा नाही. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं. पण ग्लुकोज मेंदूलाही लागतं, आणि गोड खाल्लं नाही तरी यकृत ते प्रथिनांपासून तयार करतं. हाल होतात ते केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचे. आधीच अन्न जात नाही, त्यात हे पथ्य. वजन घटतं, उपचार झेपत नाहीत. काळजी याचीच वाटते. साखरेचा अतिरेक वाईटच, पण लठ्ठपणामार्गे. तंबाखू आणि दारू मात्र कॅन्सरची सिद्ध झालेली कारणं आहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.