नम्रतेचं वचन नेमकं कुणासाठी?

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक वेळा चुकीच्या माणसांना ऐकवला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचा सेवक व्हावं, हे ते वचन. स्वयंपाकघरात खपणाऱ्या बायकांना, सतरंज्या उचलणाऱ्या पोरांना, चर्चच्या शिपायाला आपण ते मोठ्या प्रेमाने सांगतो. "तुमची सेवा देवापाशी फार मोठी आहे हो!" आणि सांगून झालं की पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसतो.

प्रभूने ते कुणाला सांगितलं, एकदा नीट वाचा. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येतात आणि म्हणतात, तुझ्या वैभवात आमच्यापैकी एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. बाकीचे दहा जण चिडतात. मग ज्यांच्या हाती उद्या मंडळी जाणार होती त्या बारा जणांना जवळ बोलावून येशू सांगतो, परक्या राष्ट्रांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. म्हणजे ऐकणारे होते भावी पुढारी.

त्याच अध्यायात लगेच पुढे यरीहोचा रस्ता येतो. आंधळा भिकारी बार्तीमय ओरडतोय आणि लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतायत. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न त्याने थोड्या वेळापूर्वी याकोब आणि योहानाला विचारला होता. त्यांनी मानाची जागा मागितली, याने दृष्टी मागितली. बार्तीमयाला प्रभू नम्रतेबद्दल एक शब्द बोलत नाही. आधीच धुळीत बसलेल्या माणसाला आणखी कुठे खाली बसवणार?

महाराष्ट्रात हा फरक विसरून चालणारच नाही. इथल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. गावाची सेवा त्यांनी निवडलेली नव्हती, ती जन्मासोबत त्यांच्या मानगुटीवर बसवली गेली होती. त्यांच्या नातवंडांना "दास व्हा" म्हणताना उपदेशकाची जीभ जरा अडखळायला हवी. जबरदस्तीने वाकवलेल्या पाठीला नम्रता म्हणत नाहीत.

पंडिता रमाबाईंकडे बघा. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी इथे मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन सुरू केलं. त्या काळात उच्चवर्णीय घरांमध्ये बालविधवा केशवपन करून कोपऱ्यात टाकल्या जात. पहाटेपासून राबायचं, उरलंसुरलं खायचं आणि वर ऐकून घ्यायचं. रमाबाईंनी त्यांना निमूट सोसायला सांगितलं नाही. हातात पुस्तक दिलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, जिचं पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. आणि वाकल्या त्या स्वतः रमाबाई! 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशी बिरुदं कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला दिली, ती बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आली आणि केडगावला त्यांची आई होऊन राहिली. सेवा दुसऱ्याच्या गळ्यात मारणं आणि आपण होऊन पत्करणं, यांतलं अंतर या एका आयुष्यात स्वच्छ दिसतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातही हेच आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलंय हे ठाऊक असलेला येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्याला खाली बसण्याची भीती वाटली नाही. धुतलेल्या पायांमध्ये त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. लूक तर आपल्या शुभवर्तमानात लिहितो की आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद त्या शेवटच्या भोजनाच्या वेळीच झाला. मी प्रॉटेस्टंट आहे, पण पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता आपल्याकडे या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी उपासना संपली की द्राक्षरसाचे इवलेसे पेले ट्रेमधून मागच्या मोरीवर जातात. आमच्या मंडळीत ते एक काकू धुतात. कल्याणहून लोकलने येतात, गुडघे दुखतात. पेल्यात बोट जात नाही, म्हणून काडीला मऊ चिंधी गुंडाळून त्या एकेक पेला आतून फिरवतात, मग खिडकीच्या उजेडात धरून बघतात. तळाशी लालसर डाग दिसला की पुन्हा धुतात. त्याच वेळी बाहेर शाल-श्रीफळ चाललेलं असतं, कमिटीचा ग्रुप फोटो निघतो. वर पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव गरगरत असतं.

मुंबईत जागेला सोन्याचा भाव आहे आणि जुन्या चर्चच्या आवारांना तर फारच. पदासाठी इतकी ओढाताण होते, गट पडतात, प्रकरणं कोर्टात जातात, ती काही उपासनेच्या वेळेवरून नव्हे. कुणी म्हणेल, ज्येष्ठांचा मान राखणं ही आपली रीत आहे आणि नेतृत्व कुणीतरी करायलाच हवं. अगदी मान्य. मग ते नेतृत्व सेवकासारखं करा. मंडळीतल्या कुणीही हिशेबाची वही मागितली तर कपाळाला आठी न घालता समोर ठेवा. सभेत तरुण मुलीने प्रश्न विचारला तर "बस खाली" म्हणू नका. माझ्या लेखी हे पाय धुण्याइतकंच अवघड आहे, आणि तितकंच ख्रिस्ती आहे.

पुढच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. कमिटीवर निवडून आलेल्या प्रत्येकाने, पाळकसाहेबांसकट, प्रभुभोजनाचे पेले पाळीपाळीने धुवायचे. काकूंना मात्र आधी विचारायचं की त्यांना स्वतःला काय हवंय. कदाचित त्यांना ते काम सोडायचंही नसेल, मग सोबत उभं राहून धुवा. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक लागेल. आमच्या मंडळीतलं जे कुणी तयार असेल त्याने खाली लिहा.