शाब्बासकी देण्याआधी

चुलतभावाच्या मुलानं चार महिन्यांत चौदा किलो वजन उतरवलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर ‘शाब्बास पठ्ठ्या’ चाललं होतं. मी काही लिहिलं नाही. रात्री कोल्हापूरला वहिनींना फोन करून विचारलं, तो सगळ्यांबरोबर जेवायला बसतो का? ‘नाही हो भाऊजी. भाकरी काट्यावर तोलतो आणि ताट घेऊन खोलीत जातो. जिमचं वेड, दुसरं काय!’

हेच मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला माझ्या घरात पाहिलं होतं. मुलगा सतराचा. जेवण झालं की बाथरूममध्ये नळ सोडायचा, उलटीचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून. कपडे धुताना खिशात टिश्यूत गुंडाळलेली पोळी सापडली. तोवर मी मात्र पोराला व्यायामाची गोडी लागली म्हणून कौतुक सांगत होतो.

हा खाण्याचा विकार, ईटिंग डिसऑर्डर. तो मुलींचा आजार, असं आपल्याकडे सर्रास मानतात. डॉक्टरही त्यातून सुटले नव्हते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकषांत २०१३ पर्यंत अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढायच्या धास्तीनं खाणं तोडण्याच्या विकाराच्या, निदानाला पाळी बंद होण्याची अट होती. मुलगे त्यात बसणार कसे? खरं तर १६८९ मध्येच लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्यानं सोळा वर्षांच्या अशा मुलाची नोंद केली होती.

इथंही सगळं आलबेल नाही. इंग्लंडमध्ये अठराच्या आतल्यांना तातडी असेल तर एका आठवड्यात, एरवी चार आठवड्यांत उपचार सुरू करायचं उद्दिष्ट आहे; प्रौढांसाठी तसं काही नाही. मुलाला अठरा लागलं आणि आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. हाती आलेल्या माहितीपत्रकावर सगळे फोटो मुलींचे. पोरानं ते उलटं करून ठेवलं.

त्याला बोलतं केलं इंग्लंडचा क्रिकेटपटू फ्लिंटॉफनं. २००२ मध्ये वानखेडेवर शर्ट काढून धावलेला तोच. २०२० मध्ये तो बीबीसीवर स्वतःच्या बुलिमियाबद्दल, म्हणजे ताबा सुटून खायचं आणि मग उलटी काढायची या विकाराबद्दल, बोलला. पोरगा माझ्याशेजारी बसून शेवटपर्यंत बघत राहिला.

आपल्याकडे वाद प्रोटीन पावडर चांगली की वाईट यावरच अडतो. जेवल्यावर उलटी काढतोस का, खाण्यावरचा ताबा सुटतो असं वाटतं का, हे मुलग्याला कुणी विचारत नाही. फॅमिली डॉक्टरांनी हे विचारायलाच हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबरही आहे, मराठीत बोलता येतं.

वहिनींनी काल डॉक्टरांची वेळ घेतली. त्याला आत एकट्याला बोलू द्या, एवढंच मी सांगितलंय.